दुधातली दशमी

हे लिहायचं नव्हतंच खरं तर. कागद टाइपरायटरवर चढवला, काढला, पुन्हा चढवला. एक माणूस दुपारी ऑफिसच्या ओसरीत बसून डबा खातो, एवढीच गोष्ट. त्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील. मलाही तसंच वाटायचं. पण मानाजी अजूनही डबा उघडला की डब्यात बघत नाही, समोरच्यांच्या हातांकडे बघतो. ते हात हलले की मगच त्याच्या घशाखाली घास उतरतो. हे मी पाहिलंय. म्हणून लिहितो.

त्या दिवशी हात हलले नव्हते.

माघातलं ऊन ओसरीत सतरंजीच्या काठापर्यंत आलं होतं. चौघा कारकुनांचे डबे उघडले होते. मानाजीच्या डब्यात दशम्या होत्या, लालसर, कडेनं किंचित करपलेल्या, आणि पळसाच्या पानात लसणीची चटणी. त्यानं डबा रोजच्यासारखा मधोमध सरकवला आणि वाट बघत बसला. मोरोपंतांनी आपली भाकरी मोडली आणि आपल्याच तोंडात घातली. उदाजीरावांनी आपली. गणोजी नुसताच बसून होता, हातात कांदा धरून, तो फोडायचा की नाही हे ठरत नसल्यासारखा. मानाजीला आधी वाटलं, विसरले. मग वाटलं, असं कसं विसरतील? श्वास घ्यायला विसरतं का कुणी?

कारण पहिला घास दुसऱ्याच्या डब्यातला, ही त्या ऑफिसची रीत होती आणि ती मोरोपंतांनीच घातली होती. देवासात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या ह्या अंगाला एक सरकार, त्या अंगाला दुसरं. विलीनीकरण झालं आणि दोन्हीकडचे कारकून उचलून एका खोलीत आणून बसवले. कामही तसलंच दिलं: दोन्ही पात्यांच्या जमिनीचे नकाशे शेजारी ठेवायचे आणि त्यांचा एक नकाशा करायचा. रेघा काही जुळायच्या नाहीत. माणसंही जुळायची नाहीत. थोरलीवाले खिडकीपाशी जेवायचे, धाकटीवाले दारापाशी, आणि मधे पाण्याचा माठ एकटाच. मग मोरोपंत, थोरल्या पातीचे आणि सगळ्यांत जुने, एके दिवशी सतरंजी घेऊन आले. म्हणाले, "सगळ्यांनी हिच्यावर बसायचं आणि पहिला घास समोरच्या पातीचा घ्यायचा. एकमेकांचं मीठ पोटात गेलं की भांडण आपोआप अळणी होतं." आणि झालंही तसंच. मानाजी धारचा, कुठल्याच पातीचा नाही, त्यामुळे तो रुजू झाला त्या दिवशी दोन्हीकडचे हात त्याच्या डब्यात. धाकट्या पातीच्या उदाजीरावांचा आवाज ढोलासारखा; ते म्हणाले, "हे परराज्य! ह्याच्यावर चढाई दोघांनी मिळून करायची." मानाजीच्या वाट्याला बटाट्याची एक फोड उरली होती. तो उपाशी घरी आला आणि इतका खूश होता की बायकोला वाटलं, बढती मिळाली.

सुभद्रा आधी हसली. मग पदर खोचून चुलीपाशी विचार करत उभी राहिली. "पगार एका माणसाच्या डब्याचा," ती म्हणाली, "आणि खाणार चौघं. मग असं काही करावं लागेल की स्वस्तही पडेल आणि कुणी नाकही मुरडणार नाही." तेव्हापासून ती डब्याचाच विचार करायची. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मधेच म्हणायची, "अहो, झोपलात का? शिळी भाकरी ताकात भिजवून फोडणीला टाकली तर?" आणि सकाळी ती डब्यात असायची, वर कोथिंबीर, आणि उदाजीराव बोटं चाटत म्हणायचे, भिया, अरे भावा, हे आहे तरी काय. तिचं म्हणणं, ताटातलं गरम असतं म्हणून खपून जातं. डब्यातलं गार झाल्यावर खरं बोलतं. रेशनच्या लाल जुवारीची भाकरी दुपारपर्यंत चामडं होते, म्हणून ती त्या पिठात कांदा, तीळ, मेथी आणि मूठभर बेसन घालून धपाटे लावायची. भुट्ट्यांच्या दिवसांत कोवळ्या मक्याचा कीस. महिनाअखेर घरात काहीच नसलं की कोरडा झुणका, त्यावर कच्च्या तेलाची धार. चटणी मात्र नेहमी पानात वेगळी बांधलेली, नाहीतर म्हणे सगळा डबाच लसूण होतो. आणि मोरोपंतांसाठी दशमी. मोरोपंत ब्राह्मण, सतरंजीवर बसले, रीत घातली, पण घरच्या धाकानं पाण्यात मळलेलं दुसऱ्याचं खाताना त्यांचा हात चाचरायचा. सुभद्रेनं एवढं ऐकलं आणि चहातलं दूध वाचवायला लागली. दुधात मळलेल्या दशमीला विटाळ नाही, प्रवासात सोवळ्यातली माणसंही ती खातात, हे तिला तिच्या आजीकडून ठाऊक होतं. दशमी पहिल्यांदा डब्यात गेली त्या दिवशी मोरोपंतांनी तुकडा तोडला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मानाजी, तुझ्या बायकोला शास्त्र कळतं." त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा दशमी व्हायचीच, आणि पहिला तुकडा मोरोपंतांचा ठरलेला.

आज मोरोपंत आपल्या भाकरीकडे बघत होते.

"दुधातलीच आहे हं, पंत," मानाजी म्हणाला. "पाण्याचा हात लावलेला नाही."

"हो, हो. ते का मला ठाऊक नाही?" मोरोपंत म्हणाले. "आज जरा पोट बरं नाही." आणि भाकरीवर ठेचा घेऊन त्यांनी घास केला.

"माझी दाढ," उदाजीराव म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा आवाज आज ढोलासारखा नव्हता, ढोलावर कुणी घोंगडी टाकावी तसा येत होता.

"तू खा ना भिया," गणोजी म्हणाला. "खाऊन घे. आम्ही काय, रोजचेच लुटारू."

मानाजीनं तुकडा तोडला. नाकाशी नेला, त्यांना दिसणार नाही अशा बेतानं. वास चांगला होता, गुळाचा, जरासा धुराचा. सकाळीच तर केल्या होत्या. पहाटेपासून तो आज उगाचच आनंदात होता; परातीत पीठ घेऊन बसला तेव्हा काहीतरी गुणगुणतही होता. सुभद्रा मार्गशीर्षात बाळंतपणाला धारला गेली, आईकडे. पहिलंच. जायच्या आधी तिनं त्याला चुलीसमोर बसवून सगळं शिकवलं होतं, स्वतः पाटावर पाय लांब करून, पोटावर हात ठेवून, मास्तरीण असल्यासारखी. दूध कोमट पाहिजे. गूळ त्यातच विरघळू द्यायचा. घाई करायची नाही. "आणि पाण्याचा हात लावायचा नाही. लावलात तर मोरोपंतांना कळणार नाही, पण मला कळेल." धारहून तुला कसं कळेल, असं त्यानं विचारलं तर म्हणाली, "कळेल म्हणजे कळेल." मोटारीवर पोचवायला गणोजीही आला होता. तिची ट्रंक त्यानं डोक्यावर घेतली आणि वर म्हणाला, "वहिनी, जाताय खऱ्या, पण आमच्या जेवणाचं काय? हा माणूस आम्हाला विष घालील." ती खिडकीतून म्हणाली, "घालू दे. पण चाखून सांगा, मीठ बरोबर आहे का." मोटार सुरू झाली तरी ती हसत होती. धूळ उडाली, आणि धुळीत आधी तिचा चेहरा गेला, मग हात.

त्यानंतर निरोप यायचे ते तात्याबरोबर. तात्या म्हणजे धारहून इंदूरमार्गे येणाऱ्या मोटारीचा ड्रायव्हर. सासूबाईंची चटणी, पापड, निरोप, सगळं त्याच्या सीटखालून यायचं. ऑफिस स्टँडच्या वाटेवरच. तात्या ओसरीच्या पायरीवर एक पाय ठेवून ओरडायचा, "ओ धारवाले! वहिनी पूछत होत्या, धपाट्यात तीळ टाकले का म्हणून!" आणि अख्खं ऑफिस ऐकायचं, आणि मानाजी लाजायचा, आणि उदाजीराव उत्तर द्यायचे, "सांग, तीळ टाकले, पीठच विसरला!" असं चाललं होतं. दिवस भरत आले होते. कधीही निरोप येईल म्हणून मानाजीचा एक कान सारखा पायरीकडे असायचा. आजही होता. आज तात्या आला होता.

घास त्याच्या तोंडात फिरायचा थांबला. तात्या आला होता, हे त्याला आता आठवलं; म्हणजे ठाऊक होतं, पण त्यानं ते बाजूला ठेवलं होतं. सकाळी तो नकाशावर रेघ ओढत होता, धाकट्या पातीचा नाला थोरल्या पातीच्या शेतात नेऊन सोडत होता, तेव्हा खिडकीतून तात्या दिसला. पायरीवर पाय ठेवला नाही. ओरडला नाही. टोपी हातात घेऊन तो ओसरीच्या टोकाला मोरोपंतांशी बोलत होता, अगदी हळू, आणि मोरोपंत खांबाला टेकले होते. रेघ अर्धी राहिली तर शाई पसरते, म्हणून मानाजीनं ती पुरी केली. बाहेर आला तेव्हा तात्या गेला होता. मोरोपंत त्याला बघून म्हणाले, "काही नाही. माझं काम होतं." आणि मग गणोजी तंबाखू आणायला म्हणून स्टँडकडे गेला आणि कितीतरी वेळानं परत आला, आणि त्याच्याजवळ तंबाखू नव्हती.

पण मन असं असतं की ते सरळ वाटेनं जात नाही. ते आधी दुसऱ्या दारांवर थापा मारून बघतं. मानाजीला वाटलं, छाटणी. जुन्या राज्यांतले जास्तीचे कारकून कमी करणार, असं केव्हापासून बोलत होते. धारचा हा एक, उपरा, त्याचंच टेबल आधी उचलणार. बुडत्या नावेवरून माणसं आधी हात काढून घेतात. हो, तसंच असेल. त्याला एकदम हायसं वाटलं. नोकरी गेली तर गेली. धारला जाऊ, सरदारपुरच्या बाजारात बसू, काहीही विकू. सुभद्रा धपाटे करील आणि ते विकू. त्यानं मोठा घास घेतला आणि मान वर केली, आणि ते तिघं त्याच्याकडे बघत होते. त्याच्या तोंडाकडे नाही. डब्याकडे. डब्यात किती उरलंय, तिकडे.

ही नजर त्याच्या ओळखीची होती. कुठून, हे आधी कळलं नाही. आधी फक्त जिभेवर पुरणपोळीची चव आली, दूध घातलेली, ऊन ऊन. मग कुसुमावतीकाकूंची पडवी आली. मग त्यांचा गुडघा, जुनेरातला, हळदीचे डाग पडलेला. तो लहान होता. बाप धारच्या पागेत घोड्यांची खोगिरं शिवायचा. त्या दिवशी खेळताना शेजारच्या काकूंनी हाक मारली, "मान्या, ये, जेवून जा." सणवार नव्हता. ताटात पोळी, वर दूध. काकू समोर बसल्या, आणि त्यांच्या मागं आणखी दोन बायका उभ्या, पदर तोंडाला लावून. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळ्या ताटाकडे बघत होत्या. त्यानं काकूंना म्हटलं, तुम्ही घ्या ना. काकू म्हणाल्या, "माझं झालंय रे राजा. तू संपव. सगळं संपव." त्यानं संपवलं, बोटानं ताट पुसून खाल्लं, आणि मग काकूंनी त्याचं तोंड आपल्या पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, चल, तुझ्या बापाला घोड्यानं लाथ मारली. तो म्हणाला, लागलं का? काकूंनी नुसतं त्याचं बोट धरलं. पुढे कितीतरी वर्षं त्याला वाटायचं, आपण शेवटचा तुकडा खाल्ला नसता तर.

आपली रीतच आहे ही. वाईट निरोप आला की आधी जेवू घालायचं, मग सांगायचं. सांगितल्यावर माणूस जेवणार नाही, घरात चूल पेटणार नाही, प्रवास असेल तर उपाशीच जाईल. म्हणून आधी पोटात काहीतरी जाऊ द्यायचं. आणि त्याच्या घरचं आपण खायचं नाही, कारण आपल्याला ठाऊक असतं. मोरोपंतांनीच एकदा ह्याच सतरंजीवर सांगितलं होतं, ऐकलं नाही तोवर सुतक लागत नाही. कानावर पडलं की लागतं. म्हणजे मानाजीला अजून काही लागलेलं नव्हतं. लागलं होतं ते ह्या तिघांना, त्याच्या वतीनं.

मग त्यानं स्वतःला हळूच दुसरी गोष्ट सांगितली. सोयर. मूल झालं तरी त्या घरचं खात नाहीत. सोयर असो की सुतक, दुसऱ्याचा हात डब्यापाशी तसाच थांबतो. मग हे सोयर का नसेल? मुलगा झाला असेल. मुलगी. मोरोपंत चेष्टा करत असतील, शेवटी एकदम पेढे मागतील. त्यानं मोरोपंतांकडे बघितलं. मोरोपंतांच्या हातात तोच ठेचा लावलेला घास होता, केव्हाचा. पेढे मागायचे असते तर उदाजीराव एवढा वेळ गप्प बसले असते? त्यांच्याच्यानं शिंकसुद्धा दाबवत नाही.

तेव्हा तो हळू खायला लागला. हे त्यानं ठरवून केलं नाही. हातच लहान तुकडा तोडू लागला. एवढासा तुकडा, कडेचा करपलेला, चटणीला नुसता टेकवलेला. चावत राहायचं. गूळ संपून नुसती जुवार उरेपर्यंत, जुवार संपून नुसतं ओलं उरेपर्यंत. डब्यात दशमी आहे तोवर कुणी काही सांगणार नाही. डब्यात दशमी आहे तोवर सुभद्रा धारला पाटावर पाय लांब करून बसलीय, आणि विचारतेय, पाण्याचा हात लावला नाहीत ना? नाही लावला गं. कोमट दूध घेतलं. घाई केली नाही. बघ, अजूनही करत नाही. त्याला वाटलं, ह्या दशम्या आणखी केल्या असत्या तर. परातभर, पोतंभर. रात्र होईपर्यंत बसलो असतो. हे तिघं समोर बसून राहिले असते, केस पिकले असते त्यांचे, आणि ती धारला जिवंत असती.

"पाणी?" गणोजी म्हणाला.

"नको."

"ठसका लागेल असा."

"लागू दे."

उदाजीराव उठून ओसरीच्या टोकाला गेले आणि पाठ फिरवून टेकडीकडे बघत उभे राहिले. ऊन सतरंजीवरून सरकून डब्याच्या काठावर आलं होतं. दूर स्टँडवर मोटारीचा हॉर्न वाजला, बारीक, आणि गणोजीची मान तिकडे वळली. मानाजीनं ते पाहिलं. शेवटची अर्धी दशमी उरली होती. त्यानं झाकण उचललं आणि डब्यावर ठेवलं.

"झालं माझं," तो म्हणाला. "हे संध्याकाळी खाईन."

"संपव रे," मोरोपंत म्हणाले. आवाज कुसुमावतीकाकूंचा होता. "एवढ्याशासाठी काय ठेवतोस? संपव."

"भूक नाही, पंत. घरी नेईन. उद्या खाईन."

हॉर्न पुन्हा वाजला. तेव्हा गणोजीनं हात पुढे केला, झाकण काढलं, ती अर्धी दशमी उचलली आणि सबंधच्या सबंध तोंडात कोंबली.

"गणोजी!" मोरोपंत ओरडले. "अरे, काय करतोस!"

गणोजी चावत होता. डोळे भरून आले होते, गाल फुगले होते, घास खाली जात नव्हता, आणि तो मानाजीकडे बघत होता. त्या तिघांतला तो एकटाच चेहऱ्याकडे बघत होता. डबा रिकामा झाला होता. डब्याच्या तळाशी चटणीचं लाल तेल आणि त्यात ऊन.

"पोरगी झाली," गणोजी कसाबसा म्हणाला. "रात्री. चांगली आहे पोर. रडते म्हणे खणखणीत."

मानाजी थांबला. एक श्वासभर त्याला वाटलं, एवढंच. सोयर. तर मग एवढंच होतं हे.

"आणि वहिनी पहाटे गेल्या."

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला. सोयर आणि सुतक एकाच तोंडातून, एकाच घासातून आलं होतं, आणि आता दोन्ही त्याला लागलं होतं.

त्याला रडू आलं नाही. आला तो राग, आणि तोही विचित्र, पोटात. पोट भरलं होतं. पहाटे ती गेली आणि पहाटे तो गुणगुणत पीठ मळत होता. ती गेल्यावर तो जेवला, चवीनं जेवला, गूळ बरोबर पडलाय असंही त्याला मधे वाटून गेलं होतं. ते सगळं आता आत होतं, बाहेर काढता येत नव्हतं.

गणोजीनं त्याला दंडाला धरून स्टँडवर नेलं. जागा त्यानं सकाळीच धरून ठेवली होती. तंबाखू आणायला गेला तो त्यासाठीच. तात्या स्टिअरिंगवर हात ठेवून पुढं बघत बसला होता. त्यानं मान वळवली नाही. गणोजीनं रिकामा डबा मानाजीच्या मांडीवर ठेवला, का ते त्यालाही ठाऊक नसावं, आणि खिडकीची दांडी धरून खाली उभा राहिला.

"धारला थांबलेत तुझ्यासाठी," तो म्हणाला. "दुपारच्या आधी मोटार नव्हतीच रे. देवाशप्पथ नव्हती. मग म्हटलं, उपाशी कसं पाठवायचं? तिथं कोण तुला घास देणार होतं आज?"

मानाजी त्याच्या हाताकडे बघत होता. बोटांना चटणीचं तेल होतं. ह्याच खिडकीतून ती म्हणाली होती, चाखून सांगा.

"मीठ बरोबर होतं?" त्यानं विचारलं.

गणोजीला ते आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्यानं मान हलवली. बरोबर होतं. मोटार गुरगुरली, दांडी त्याच्या हातात थरथरायला लागली.

"गणोजी, तुझी आई लोहारद्याला असते ना?"

"हो. का रे?"

"मग ऐकून ठेव. तिकडून असा निरोप कधी माझ्याकडे आला, तर मी तुला डबा उघडू देणार नाही. हात धुवू देणार नाही. तोंडात घास असला तर तो थुंकायला लावीन आणि आधी सांगेन. उपाशी जाशील तू, पण तिच्या निरोपाआधी जेवण पोटात जाणार नाही तुझ्या. वचन देतो तुला."